चकमकीच्या बंदुकीबद्दल मी लिहिलेलं एक वाक्य

तीन वर्षं मी अडुसष्ट वर्षांचा अमेरिकन शिकारी होते.

हे ऐकायला गमतीचं वाटतं, आणि बरेच दिवस मीही ते गंमत म्हणूनच सांगायचे. मीरा रोडला हाटकेश भागात एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचं ऑफिस होतं. खालच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यांची झाकणं ठोकली जायची आणि वर आम्ही आठ-नऊजण कॉम्प्युटरसमोर बसून परदेशातल्या वेबसाइटींसाठी इंग्रजी लेख लिहायचो. सर्वात चांगला मिक्सर कोणता, म्हाताऱ्या कुत्र्याला काय खायला द्यावं, बर्फात घालायचे बूट कसे निवडावेत. प्रत्येक लेखात वस्तूंचे नंबर लावायचे, खाली दुकानाच्या लिंका द्यायच्या. कोणी त्या लिंकेवरून वस्तू घेतली की साइटवाल्याला कमिशन मिळायचं. बर्फ आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. लिहिताना मात्र लिहायचं, 'गेल्या हिवाळ्यात मी हे बूट घालून रोज चाललो.'

मी तिथे लागले तेव्हा चौरेचाळीस वर्षांची होते. लग्न झाल्यावर आम्ही परळहून मीरा रोडला आलो, मुलगी झाली, शाळेतली नोकरी सुटली, आणि पुढची बारा वर्षं मी घरात होते. माझे मिस्टर वाईट नाहीत. पण घरात फ्रिज घ्यायचा असला तरी ते त्यांच्या ऑफिसातल्या मित्राला विचारायचे. मी शेजारी बसलेली असायचे.

तर आमच्या सरांकडे एका शिकारीच्या साइटचं काम आलं. सर म्हणाले, "मॅडम, तुमचं इंग्लिश सबसे अच्छा आहे. तुम्ही घ्या." साइटवर एका माणसाचा फोटो होता, कुठल्याशा फोटोंच्या दुकानातून विकत घेतलेला. पांढरी दाढी, चौकड्यांचा शर्ट, मागे लाकडी घर. त्याला नाव सरांनी दिलं, बाकीचं आयुष्य मी दिलं. तो डोंगरात राहायचा. त्याचे वडील त्याला लहानपणी हरणामागे न्यायचे. त्याची बायको वारलेली होती, कारण थंडीतल्या जॅकेटांवर लिहिताना एका परिच्छेदात ते मी लिहून टाकलं होतं आणि मग ते निस्तरावं लागलं. खाली वाचकांसाठी प्रश्न विचारायची सोय होती. त्या मेलसुद्धा माझ्याकडेच यायच्या. लोक मला 'सर' म्हणायचे. सर, माझ्या मुलाला पहिली बंदूक कोणती घेऊ? सर, तुमचा अनुभव काय?

मला ते आवडायचं. ही गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. मी नेटवर वाचून, इकडचं तिकडचं जुळवून उत्तरं द्यायचे, आणि पलीकडून कोणीतरी थँक यू सर म्हणायचं, तेव्हा मला दिवसभर बरं वाटायचं.

एकदा सर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, दारू का सब्स्टिट्यूट." सगळे हसले. मग कळलं की बंदुकीच्या दारूबद्दल आहे. तिकडे अजून हौशी लोक ठासणीच्या बंदुका वापरतात. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायची, गजाने ठासायची आणि मग उडवायची. जुनी काळी दारू तिथे सगळीकडे मिळत नाही, ठेवायलाही धोक्याची, म्हणून तिच्याऐवजी वापरायच्या पाच-सहा तऱ्हेच्या भुकट्या आणि गोळ्या बाजारात आहेत. त्यातली भरवशाची कोणती, हे आमच्या शिकाऱ्याने सांगायचं होतं.

मी दोन दिवसांत लेख लिहिला. दुसऱ्या साइटींवरचे लेख वाचले. आता वाटतं, तेही माझ्यासारख्याच कुणीतरी कुठल्यातरी गाळ्यावर बसून लिहिले असतील. हौशी लोकांच्या गप्पा वाचल्या. ओल किती धरते, धूर किती होतो, नळीला गंज किती चढतो, सगळ्याचा तक्ता केला. पहिला नंबर सरांनीच सांगितला होता, ज्या डब्यावर कमिशन जास्त त्याला. त्या डब्याबद्दल लिहिताना शेवटी एखादं वाक्य हवं होतं. परिच्छेद नुसता तुटल्यासारखा वाटत होता. मी लिहिलं, 'टोपीची असो वा चकमकीची, चाळीस वर्षांत या दारूने माझ्या एकाही बंदुकीला दगा दिला नाही.'

टोपीची आणि चकमकीची, हे दोन शब्द शेजारी शेजारी छान वाटले म्हणून घातले. टोपीची म्हणजे जिच्यात छोटी तांब्याची टोपी फुटून आग नळीत जाते ती. चकमकीची त्याहून जुनी, घोड्याला गारगोटी बसवलेली, पोलादावर आपटून नुसती ठिणगी पाडणारी. दोघींच्या आगीत काय फरक असतो याचा मी क्षणभरही विचार केला नाही. सरांनी लेख वाचला आणि म्हणाले, "ये लास्ट लाइन मस्त है."

दीडेक महिन्याने मेल आली. लिहिणारा एकोणऐंशी वर्षांचा होता. सुतारकाम करून निवृत्त झालेला. त्याने स्वतःच्या हाताने चकमकीची बंदूक बनवली होती, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, बायकोच्या माहेरच्या अंगणातलं झाड पडलं त्याचा. गावातल्या दुकानात काळी दारू मिळायची बंद झाली म्हणून माझा लेख वाचून त्याने पहिल्या नंबरचा डबा आणला. आता दहातले सहा बार उडतच नव्हते, आणि कधीकधी चाप ओढल्यावर काही वेळाने उडत होते. त्याने लिहिलं होतं, 'सर, तुम्ही चाळीस वर्षं वापरताय. माझं काय चुकतंय ते कृपा करून सांगाल का?'

मला माहीत नव्हतं. मी तसं लिहू शकत होते. किंवा शोधू शकत होते, अर्धा तास लागला असता. पण त्या दिवशी माझ्यासमोर केसांच्या ड्रायरवरचा लेख होता, आणि शिवाय, खरं सांगायचं तर, त्याच्या मेलमधल्या त्या आदराला शोभेल असं उत्तर मला लगेच द्यायचं होतं. मी लिहिलं की दारूत काही दोष नाही, तुमच्याकडे ओल लागत असणार. डबा कोरड्या जागी ठेवा. नळी नीट पुसा. आणि पुढचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं: 'मित्रा, आपल्या वयात हात जरा मंद होतात, भरताना घाई करू नकोस.'

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं होतं. तो माझी माफी मागत होता. म्हणे माझी बायकोही हेच म्हणते, की माझं लक्ष आता पूर्वीसारखं राहत नाही. तुमचा वेळ घेतला, आभारी आहे.

मी ते शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वाचून दाखवलं. 'आपल्या वयात' वर ती खूप हसली. मीही हसले.

ती मुलगी पालीची. उत्तनच्या पुढे, समुद्राला लागून गाव आहे. तिच्या घरचे मासेमारीवाले, ख्रिस्ती, पिढ्यान् पिढ्या तिथलेच. ऑफिसात ती माझ्याशी शहरी मराठी बोलायची, फोनवर घरी बोलायला लागली की निम्मं मला कळायचं नाही. माझ्या दारूच्या लेखावर ती म्हणाली होती, "मॅडम, आमच्याकडे या ना सणाला. माझे बाबा दारू भरतात." सणाच्या दिवशी मिरवणूक निघते तेव्हा त्यांच्या वाडीत लोखंडी नळकांडी उडवतात. वीतभर उंच, बूड बंद, वाळूत रोवलेली. तोंडातून दारू भरून ठासायची, बुडाशी एक बारीक भोक असतं त्यातून पेटवायची. तोफेचंच छोटं रूप. तिचे वडील हे काम तीस वर्षं करत होते. परवाना गावच्या मंडळाच्या नावावर होता.

सणाच्या आधीच्या रविवारी दुपारी ते दोन-चार नळकांडी उडवून बघणार होते. तिने मला बोलावलं. भाईंदर वेस्टवरून बस धरली, पालीला उतरल्यावर गल्लीतून जाताना समोरून स्कूटर आली की भिंतीला चिकटून उभं राहावं लागत होतं. ती मला घ्यायला आली होती. घरी तिच्या आईने सरबत दिलं आणि आम्ही मागच्या बाजूने किनाऱ्यावर गेलो. बांबूंवर बोंबील वाळत होते.

तिचे वडील उकिडवे बसले होते. सत्तरीच्या आसपासचे, हाफ पँट, कानांत कापसाचे बोळे. मुलीने ओळख करून दिली, "बाबा, ह्या आमच्या मॅडम. ह्यांनी बंदुकीच्या दारूवर लिहिलंय. अमेरिकेत वाचतात लोक."

त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं. "असं काय? मंग तुला ठावं हाय सगळं, बाय. बस."

मी बसले. आणि बोलत सुटले. ओल, धूर, गंज, माझा सगळा तक्ता. ते ऐकत होते, हातातलं काम चालूच. त्यांनी पिशवीतली चिमूटभर दारू जुन्या कौलाच्या तुकड्यावर घेतली, लांब काठीला बांधलेली उदबत्ती तिला लावली. भस्स झालं. ते उठून गेले आणि कौलावरचा डाग बघत बसले, बोट फिरवून वास घेतला.

मी विचारलं, "परवान्याच्या दुकानातनंच घेता ना? मग परत कशाला तपासायची?"

"दुकानदार देतो ती त्याची," ते म्हणाले. "उडवायची मला हाय."

मी म्हटलं, "अंकल, आता हिच्याऐवजी दुसऱ्या भुकट्या निघाल्यात. कमी धोक्याच्या."

"आनली व्हती एकानं एकदा. बोलला, सेम हाय. कानात टाकली, पेटं ना." कान म्हणजे ते बुडाजवळचं भोक. "तिला आग मोठी लागतं, बाय. ही आपली काळी, नुसती ठिणगी दावली तरी घेतं. ती दुसरी न्हाय घेत. बारीक आगीला ती दादच देत न्हाय."

मी मान हलवली. त्या क्षणी मला त्या सुताराची बंदूक आठवलीही नाही. मी खरंच मान हलवली आणि म्हणाले, "हो, ते आहेच."

पहिली दोन नळकांडी उडाली. आवाज छातीत बसला. तिसऱ्याला त्यांनी काठी लावली, भोकाशी थोडा धूर झाला आणि विझल्यासारखा झाला. आम्ही वाट बघितली. काही नाही. किनाऱ्यावरचं कुत्रं परत येऊन बसलं.

मी उठले. "ओल लागली असेल अंकल, काढून परत भरा," असं म्हणत दोन पावलं पुढे गेले. मला त्या नळकांड्यात डोकावून बघायचं होतं. तीन वर्षं मी त्याबद्दल लिहीत होते आणि ते समोर होतं.

त्यांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. इतक्या जोरात की माझी पर्स वाळूत पडली. ओरडले नाहीत. म्हणाले, "थांब. ती मेलेली न्हाय. ती इचार करतंय."

आम्ही तिघं तशीच उभी होतो. त्यांचा हात माझ्या दंडावरच होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही, मला फार वाटला. मला मनातून त्यांचं हसूही येत होतं, की म्हातारा उगाच घाबरतोय. आणि मग ते उडालं. पहिल्या दोघांसारखंच. मी पुढे गेले असते तर माझं तोंड त्याच्यावर असतं.

मुलगी रडायला लागली. त्यांनी हात सोडला, माझी पर्स उचलून झटकली, मला दिली. मग विचारलं, "बाय, तू ह्याआधी कवा उडताना बघितलंस?"

"नाही बघितलं," मी म्हणाले.

"एकदा पन न्हाय?"

"नाही. मी लिहिते फक्त."

"मंग लिवतंस कशावरनं?"

ते रागावलेले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मुलगी डोळे पुसत घाईघाईने म्हणाली, "बाबा, नेटवर सगळं असतं." ते "बरं" म्हणाले आणि उरलेली दारू पिशवीत बांधायला लागले. तिच्या आईने जेवायला थांबवलं. ताटात तळलेले बोंबील होते. परतीच्या बसमध्ये मला सारखं त्यांचं 'नुसती ठिणगी' ऐकू येत होतं. त्या सुताराच्या बंदुकीत दुसरं असतं तरी काय? नुसती ठिणगी.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी माझा लेख उघडला. पहिल्या नंबरच्या डब्याचा फोटो मीच लावला होता. तो मोठा करून बघितला. डब्याच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं की चकमकीच्या बंदुकीत वापरू नये. माझ्याच लेखात, माझ्या त्या मस्त वाक्याच्या बोटभर वर, इतके दिवस ते होतं.

मग मेल उघडल्या. त्याची मेल आलेली होती, शनिवारची.

त्याने लिहिलं होतं की माझ्या सल्ल्याप्रमाणे त्याने सगळं कोरडं करून, घाई न करता भरलं. चाप ओढला, उडालं नाही. थोडं थांबून त्याला वाटलं, गेलं फुकट. बंदूक खाली घेत तो मागे वळला, कारण बायको कॉफी घेऊन आली होती. तेवढ्यात बार उडाला. गोळी तिच्या बाजूने जाऊन घराच्या लाकडी भिंतीत घुसली. तिला लागलं नाही, कप फुटला. ती अजून त्याच्याशी नीट बोलत नाही. 'सर, तुमचा काही दोष नाही, तुम्ही मला हातांबद्दल सावध केलं होतंत,' असं त्याने लिहिलं होतं. 'माणसाने कधी थांबायचं ते ओळखावं. बंदूक मी आमच्या गावच्या छोट्या म्युझियमला देऊन टाकली. काचेच्या कपाटात छान दिसते. इतके दिवस मदत केल्याबद्दल आभार.'

मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. खालच्या गाळ्यात झाकणं ठोकत होते, तिथे फरशी थरथरते. मला रडू आलं नाही. कान गरम झाले होते, लहानपणी बाई वर्गासमोर उभं करायच्या तेव्हा व्हायचे तसे.

सरांना सगळं दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "मॅडम, रिप्लाय नका करू. गन का मॅटर है, अमेरिका है, वो लोग केस करतात. त्याला लागलं नाही ना? बस. तो खुद बोलतोय तुमचा फॉल्ट नाही." मी म्हटलं, निदान लेखातलं ते वाक्य काढते. ते म्हणाले, "आता काढलं तर मान्य केल्यासारखं होईल. राहू दे थोडे दिवस."

मी अकरा दिवस गप्प राहिले. यात सरांनी मला बांधून ठेवलं नव्हतं. मी रोज ऑफिसला गेले, रोज लिहिलं. घरी मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "कुठल्या अमेरिकेतल्या म्हाताऱ्याचं तू डोक्यात घेतेस?" मला त्यांचं म्हणणं पटायला हवं होतं. मी ते मनाशी घोळवून घोळवून पटवून घ्यायचा प्रयत्न केला. पण भाजी चिरताना माझं लक्ष माझ्याच हातांकडे जायचं. एकोणऐंशी वर्षांचा एक माणूस आपले हात समोर धरून बघत असेल, असं सारखं दिसायचं. ज्या हातांनी त्याने ती बंदूक बनवली होती. त्या हातांना काहीही झालेलं नव्हतं, आणि ही गोष्ट जगात फक्त मला माहीत होती.

बाराव्या दिवशी मी माझ्या स्वतःच्या मेलवरून, माझ्या नावाने त्याला लिहिलं. पहिल्यांदा लिहिलेलं तीनदा खोडलं. शेवटी जे पाठवलं त्यात लिहिलं की तो शिकारी खरा नाही, साइटवरचे लेख भारतातलं एक ऑफिस लिहितं. ती दारू चकमकीला चालतच नाही, ठिणगीची धग तिला पुरत नाही, डब्यावर तसं छापलंय. तुमच्या हातांचा, वयाचा काही संबंध नाही. आणि लिहिलं, 'आमच्या टीमकडून ही चूक झाली, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

आमच्या टीमकडून. एवढं सगळं कबूल करतानासुद्धा मी मागे आठ माणसं उभी केली होती.

चार दिवसांनी उत्तर आलं. यावेळी सर म्हटलेलं नव्हतं, काहीच म्हटलेलं नव्हतं. 'म्हणजे माझे हात ठीक आहेत. हे कळवल्याबद्दल आभार. बायकोला वाचून दाखवलं. बंदूक आता परत मागणार नाही, दिलेली वस्तू मागणं बरं दिसत नाही. एक विचारायचं होतं. हातांबद्दलचं ते वाक्य टीमने लिहिलं की तुम्ही?'

दारूबद्दलचं वाक्य त्याने विचारलं नव्हतं. तिथे मी सावरून घेऊ शकले असते, कमिशन, सर, घाई, काहीही. त्याने नेमकं दुसरं विचारलं.

मी लिहिलं, 'मी लिहिलं. मी बाई आहे, सत्तेचाळीस वर्षांची. मी कधी बंदूक हातात धरलेली नाही. तुम्ही मला सर म्हणत होतात ते मला आवडत होतं.'

त्यानंतर त्याच्याकडून काही आलं नाही. मी बरेच दिवस वाट बघितली. काय यावं असं मला वाटत होतं कोण जाणे. त्याने माफ केलं असं लिहिलं असतं तर मी ते मैत्रिणींना दाखवत सुटले असते, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

पालीच्या मुलीला मी सगळं सांगितलं. 'आपल्या वयात' वर आम्ही दोघी हसलो होतो याची आठवण तिनेच काढली. ती म्हणाली, "मॅडम, मी पण हसले ना." मग आम्ही त्याबद्दल पुन्हा बोललो नाही. सणाला तिने मला बोलावलं होतं. मी तब्येतीचं कारण सांगून गेले नाही. तिच्या वडिलांनी विचारलं तर काय सांगणार होते?

लगेच नोकरी सोडली असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी आणखी चार महिने तिथे काम केलं. फक्त शिकाऱ्याचं काम नको म्हटलं. ते सरांनी एका नव्या मुलाला दिलं. त्याला मी त्या मेलची गोष्ट सांगितली, तो म्हणाला, "हो मॅडम, बघून लिहीन." सरांची पाठ वळली असताना मी लेखातलं वाक्य काढून टाकलं आणि डब्यावरची सूचना मोठ्या अक्षरांत वर घातली. पहिला नंबर तोच राहिला. तेवढी हिंमत मला झाली नाही. पुढे मुलीची दहावी आली, ते निमित्त करून मी सोडलं. आता केबिन रोडजवळच्या एका क्लासमध्ये पाचवी ते सातवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते.

क्लासमधून आल्यावर कधीतरी मी नेटवर ते वाक्य शोधते. माझ्या लेखातून ते गेलं, पण त्याआधी दुसऱ्या साइटींनी ते उचललं होतं. थोडे शब्द बदललेत. एका ठिकाणी चाळीसची तीस वर्षं झालीत, एका ठिकाणी शिकाऱ्याऐवजी 'आमचे तज्ज्ञ' असं आहे. टोपीची असो वा चकमकीची, एवढं सगळीकडे तसंच आहे. मी सापडेल त्या साइटला लिहिलं. एकीने काढलं. दोघींचा पत्ताच बंद होता. एका ठिकाणाहून उत्तर आलं की आमचा मजकूर अनुभवी लेखकांकडून तपासलेला असतो, तरी तुमच्या सूचनेबद्दल धन्यवाद. मी त्यांना परत लिहिलं, की ते वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. त्यांनी माझ्याकडे पुरावा मागितला.